मोहोळाचे आजार आणि औषधालयातील मध

आयुर्वेदीय औषधालयात मध लागला नाही असा दिवस सहसा उगवत नाही. सितोपलादि चूर्ण मधातून चाटवावयाचे असते, अवलेह थंड झाल्यावर त्यात मध मिसळावयाचा असतो, निरूह बस्तीची सिद्धता तर मध आणि सैंधव घोटण्यापासूनच सुरू होते. मेणाचेही तसेच. पिंडतैल, सिक्थतैल, जात्यादि घृत हे योग मधूच्छिष्टावाचून पुरे होत नाहीत. या दोन द्रव्यांच्या शुद्धतेविषयी आपल्या व्यवसायात पुष्कळ चर्चा होते. साखरेच्या पाकाची भेसळ, पाण्याचा अंश, मध तापविण्याचा निषेध हे विषय प्रत्येक चर्चासत्रात निघतात. परंतु ज्या इवल्या जिवाच्या श्रमातून ही द्रव्ये आपल्या बरणीत येतात, तो जीव निरोगी आहे काय, आणि आजारी असल्यास त्याच्यावर कोणते उपचार होतात, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न वैद्यबांधव व औषधालयचालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. चरकाचार्यांनी मधाचे चार व सुश्रुताचार्यांनी आठ प्रकार सांगितले. माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक ही नावे फुलांवरून वा प्रदेशावरून पडलेली नाहीत, माशीच्या जातीवरून पडलेली आहेत. मध हाती घेताच ‘हा कोणत्या माशीचा?’ असे विचारण्याची रीत आपल्या शास्त्रानेच घालून दिली आहे. आज बाजारातील मधाच्या बाटलीवर माशीचे नाव सहसा नसते आणि घेणाराही ते विचारीत नाही. माशीच्या आजारांचा विचार करू लागले की या विस्मृत प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते, कारण प्रत्येक जातीचा शत्रू निराळा आहे.

आपल्याकडील माश्या व पेटीतील व्यवहार

महाराष्ट्रात मध देणाऱ्या मुख्य जाती चार. उंच कड्यावर किंवा वृक्षावर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या, झुडपात लहानसे पोळे करणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत वा वारुळात अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, आणि बाहेरून आणलेली मेलीफेरा. पैकी सातेरी व मेलीफेरा या दोनच जाती पेटीत पाळता येतात. सातेरी ही आपल्या सह्याद्रीची. महाबळेश्वरचा मध म्हणून पूर्वापार प्रसिद्ध असलेला जांभूळ व हिरड्याचा मध तिचाच. मेलीफेरा ही युरोपीय माशी. १९६२ साली कांगडा जिल्ह्यातील नगरोटा बगवान येथे तिचे भारतात यशस्वी आगमन झाले आणि पुढे पंजाबमार्गे ती देशभर पसरली. ती मध अधिक देते, पेटी सोडून सहसा जात नाही, म्हणून मोठ्या व्यापाराचा बहुतेक मध आज तिचाच असतो.

पुढील विवेचनासाठी पेटीतील एक व्यवहार समजून घेणे आवश्यक आहे. राणीमाशी पोळ्याच्या षट्कोनी घरांत अंडी घालते. अंड्यातून अळी निघते, तिला दाई माश्या भरवितात, अळी पुरी वाढली की कामकरी माश्या घराला मेणाचे झाकण लावतात आणि आत कोष होऊन माशी तयार होते. अंडी, अळ्या व कोष यांना मिळून मधपाळ पिलावा म्हणतात. मेलीफेराच्या कामकरी माशीचे झाकणाआडचे दिवस सुमारे १२, तर नराचे १४ ते १५ असतात. झाकणाआडचा हा काळ म्हणजे कोळ्याची संधी.

व्हरोआ : घर बदललेला परजीवी

व्हरोआ हा गोचिडीच्या कुळातील आठ पायांचा परजीवी आहे. त्याची मादी तांबूस तपकिरी, चपटी, आडवी अंडाकार, दीड मिलिमीटरहून किंचित अधिक रुंद असते व नुसत्या डोळ्यांना दिसते. १९०४ साली जावा बेटावरील सातेरीच्या जातीच्या माशीवर त्याची प्रथम नोंद झाली. मेलीफेराचा नाश करणारा कोळी ही त्याच कुळातील वेगळी जात आहे, हे २००० साली सिद्ध झाले आणि तिला ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ असे अन्वर्थक नाव मिळाले.

घरावर झाकण पडण्याच्या किंचित आधी ही मादी आत शिरते. झाकण पडल्यावर अडीच-तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते, त्यातून नर होतो. पुढे सुमारे तीस-तीस तासांच्या अंतराने घातलेल्या अंड्यांतून माद्या होतात. भावंडांचा संयोग त्याच बंद घरात होतो आणि माशी बाहेर पडते तेव्हा तिच्याबरोबर आई व पक्व झालेल्या लेकी बाहेर येतात. कामकरी माशीच्या घरात एका फेरीत सरासरी एक-दीड लेक पदरी पडते, नराच्या घरात दिवस अधिक मिळत असल्याने दोन-अडीच. आकडे किरकोळ वाटतात, परंतु पिलावा अखंड चालू असेल तर काही महिन्यांत कोळ्यांची संख्या अनेक पटींनी वाढते.

हा कोळी मुळात आशियाई माशीचा सोबती. तिच्यावर तो शतकानुशतके राहिला, पण तिचा संहार करू शकला नाही. याची कारणे मननीय आहेत. आशियाई माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी चावून काढतात. कामकरी पिलाव्यात कोळ्याची वीण जवळजवळ होतच नाही, ती फक्त नरांच्या घरांत होते. नराच्या घरात कोळी फार झाले तर माश्या ते घर उघडीत नाहीत, उलट झाकणावरील छिद्र बुजवून कोळ्यांसह नराला आतच गाडतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. कोळ्याचा दंश होताच आशियाई माशीचे कामकरी पिल्लू मेलीफेराच्या पिल्लापेक्षा सहज मरते, मेलेले पिल्लू माश्या उपसून टाकतात आणि कोळ्याची वीण तेथेच खुंटते. एका पिल्लाचे दुर्बलत्व हे समूहाचे बल ठरते. व्याधिक्षमत्व हा शब्द आपण एका देहापुरता वापरतो. मोहोळ पाहिले की पन्नास हजार देहांचा मिळून एक देह असू शकतो, आणि त्या देहाचे व्याधिक्षमत्व वेगळ्या हिशेबाने चालते, हे कळते.

विसाव्या शतकात माणसाने मेलीफेरा आशियात आणली, दोन्ही जाती शेजारी आल्या आणि कोळ्याने घर बदलले. मेलीफेरापाशी वरीलपैकी कोणतीही रीत पुरेशा बळाने नव्हती. पेट्यांच्या वाहतुकीबरोबर कोळी पसरत गेला. १९८७ साली तो अमेरिकेत, १९९२ साली इंग्लंडात, २००० साली न्यूझीलंडमध्ये सापडला. दीर्घकाळ मुक्त राहिलेल्या ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ तो आढळला. पेट्या नष्ट करून त्याचे उच्चाटन करण्याचा प्रयत्न त्या देशाने सप्टेंबर २०२३ मध्ये सोडून दिला. भारतात या शतकाच्या पहिल्या दशकात पंजाब, हरियाणा आदी उत्तरेकडील राज्यांतील मेलीफेराच्या वसाहतींना त्याचा मोठा तडाखा बसला.

कोळी दार उघडतो, विषाणू आत शिरतो

कोळ्याने शोषण केल्यामुळे माशी अशक्त होते हे खरे, परंतु वसाहत मरते ती बहुतांशी विषाणूमुळे. त्यांत प्रमुख ‘पंखविकृती विषाणू’ होय. याने ग्रासलेली माशी चुरगळलेले, आखडलेले पंख व आखूड पोट घेऊन जन्मते, उडू शकत नाही आणि काही दिवसांतच मरते. जिचे पंख धड दिसतात तिच्यातही विषाणू असू शकतो आणि तिचे आयुष्य घटते.

हा विषाणू कोळ्याच्या पूर्वीही होता. अन्नावाटे, अंड्यावाटे तो अल्प प्रमाणात वावरत असे व क्वचितच उपद्रव देत असे. कोळ्याने त्याला नवा मार्ग दिला. पचनमार्गातील अडथळे टाळून तो थेट कोषाच्या शरीरात टोचला जाऊ लागला. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा हवाई बेटांवर मिळाला. त्या द्वीपसमूहातील ओआहू बेटावर व्हरोआ २००७ साली पोहोचला, काही बेटांवर पोहोचलाच नाही. एकच हवामान, एकच माशी, आणि फरक फक्त कोळ्याचा, असा निसर्गानेच मांडलेला हा प्रयोग होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कोळी आल्यावर पंखविकृती विषाणूचा आढळ सुमारे १० टक्के वसाहतींवरून १०० टक्क्यांवर गेला, माशीच्या शरीरातील त्याचे प्रमाण दहा लाख पटींनी वाढले आणि त्याचे नानाविध प्रकार मागे पडून एकच प्रबळ प्रकार शिल्लक राहिला.

कोळी माशीचे नेमके काय शोषितो, याविषयीची समजूतही अलीकडे बदलली. तो रक्तसदृश द्रव पितो असे दीर्घकाळ मानले जाई. २०१९ साली असे दाखविण्यात आले की प्रौढ माशीवर तो मुख्यतः तिच्या मेदपिंडावर उपजीविका करतो. माशीचा मेदपिंड म्हणजे आपल्या यकृताप्रमाणे पोषण, साठवण व संरक्षण सांभाळणारा अवयव. तोच पोखरला गेला की विषाणूशी झुंजण्याचे साधनच जाते. म्हणजे हा एकच शत्रू क्षेत्र दुर्बल करतो आणि बीजही पेरतो.

आग्याकडून आलेला दुसरा कोळी

आपल्या देशात मेलीफेराचा दुसरा वैरी आहे ‘ट्रॉपिलीलॅप्स’. त्याची मूळ यजमान आपली आग्या माशी. आकाराने व्हरोआहून लहान, एक मिलिमीटरहून कमी, लांबट, तांबूस आणि पोळ्यावर चपळाईने पळणारा. पंजाबात मेलीफेरा स्थिरावत असतानाच त्याचा उपद्रव झाला आणि १९७१ सालीच भारतीय संशोधकांनी त्याच्या नियंत्रणाविषयी लिहिले. तोही पंखविकृती विषाणू वाहून नेतो. युरोपाच्या उंबरठ्यावर, जॉर्जिया देशात, तो २०२४ साली आढळला.

या कोळ्याचे मर्म मात्र उघड आहे. त्याला प्रौढ माशीच्या कवचातून अन्न घेता येत नाही, पिलावा नसेल तर तो साधारण दोन-तीन दिवसांतच संपू लागतो. आग्या माशी ऋतूप्रमाणे पोळे सोडून स्थलांतर करते, मागे राहिलेल्या पोळ्यात कोळी उपाशी मरतो. आपण ज्याला लंघन म्हणतो त्याचाच हा एक नमुना, फक्त येथे उपवास रोगकारकाला घडतो.

सातेरीचा काळ : थाई सॅकब्रूड

आतापर्यंतच्या वर्णनावरून सातेरी निर्धोक आहे असे वाटेल. तसे नाही. कोळ्याला पुरून उरलेली ही माशी एका विषाणूपुढे मात्र हरली. १९७६ साली थायलंडमध्ये आशियाई माशीच्या पिलाव्यात एक संहारक रोग आढळला. ‘सॅकब्रूड’ या आधीपासून ज्ञात विषाणूचाच तो निराळा प्रकार होता. मेलीफेरात सॅकब्रूड सहसा सौम्य असतो, आपोआप शमतो. सातेरीत हा थाई प्रकार वसाहतीच्या वसाहती संपवितो. १९७८ साली तो ईशान्य भारतात दिसला, उत्तरेतून पसरत १९९१-९२ मध्ये दक्षिणेत पोहोचला आणि केरळ, कर्नाटक, तमिळनाडू या राज्यांतील पाळीव सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती त्यात गेल्या असे मानले जाते. सातेरी संपली म्हणून अनेक ठिकाणी मेलीफेरा आणली गेली आणि तिच्याबरोबर तिचे कोळीही आले.

रोगाची लक्षणे ओळखण्याजोगी आहेत. अळी पुरी वाढते पण कोष होत नाही. घरात उताणी, डोके वर उचललेली, नावेच्या आकाराची दिसते. कातडी घट्ट होऊन आत पाणी साठते, चिमट्याने उचलल्यास पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सबंध बाहेर येते. जिवाणूजन्य ‘फाउलब्रूड’ रोगात अळी सडून चिकट होते, दुर्गंधी येते, येथे तसे होत नाही. दाई माश्या मृत अळ्या उपसताना स्वतः विषाणू ग्रहण करतात, त्यांच्यात बाह्य लक्षण दिसत नाही, पण भरवताना तोच विषाणू पुढच्या अळीला जातो. शुश्रूषा करणारीच वाहक ठरते, हे प्रसूतिगृहांचा इतिहास जाणणाऱ्यांना नवे नाही.

मधपाळ एका पेटीतील पोळे दुसऱ्या पेटीत घालतो, आजारी पेटीचा मध दुसऱ्या माश्यांना खाऊ घालतो, रोगग्रस्त भागातून वसाहती विकत आणतो, तेव्हा विषाणू त्याच्याच हातांनी प्रवास करतो. म्हणूनच निदानपरिवर्जन हीच येथे पहिली चिकित्सा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मधमाश्यांचे हे विषाणू मनुष्याला बाधत नाहीत. आजारी वसाहतीचा मध मनुष्याने सेवन केल्यास त्या विषाणूचे भय नाही. मनुष्याच्या दृष्टीने चिंता आहे ती उपचार म्हणून पेटीत जे घातले जाते त्याची.

पेटीत गेलेले औषध कोठे जाते?

पहिला प्रकार प्रतिजैविकांचा. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे आपण रुग्णांना सर्दीच्या प्रत्येक साथीत सांगतो. मोहोळातही तेच सत्य आहे. तथापि पिलावा मरू लागला की फाउलब्रूड आणि सॅकब्रूड यांतील भेद न करता टेट्रासायक्लिन वर्गातील औषध पाकातून देण्याची सवय अनेक ठिकाणी रुजली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१० साली बाजारातील १२ नाममुद्रांचा मध तपासला, त्यांपैकी ११ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. त्याच वर्षी युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबविली, ती पुढील वर्षी पुन्हा सुरू झाली. बालकाला चाटण म्हणून रोज दिला जाणारा मध जर असा असेल, तर आपण कोणते अनुपान देत आहोत?

दुसरा प्रकार कोळीनाशक रसायनांचा. फ्लुव्हॅलिनेट, कुमाफॉस, अमिट्रॅझ यांसारख्या द्रव्यांच्या पट्ट्या पेटीत टांगल्या जातात. प्रारंभी गुण आला, परंतु फ्लुव्हॅलिनेट व कुमाफॉस यांना कोळी अनेक देशांत सरावले. औषधालयांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही दोन्ही द्रव्ये स्नेहविद्राव्य आहेत. ती मधात अल्प, मेणात मात्र साठून राहतात. मेण वितळवून पुन्हा पाटे केले तरी ती जात नाहीत. अमेरिकेत प्रामुख्याने केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पोळ्याच्या मेणाच्या ९८ टक्के नमुन्यांत ही दोन्ही द्रव्ये सापडली. तिळाच्या तेलात मेण विरघळवून आपण सिक्थतैल करतो, ते भाजलेल्या, फाटलेल्या, नाजूक त्वचेवर लावतो. स्नेहात जे विरघळते ते स्नेहाबरोबर त्वचेपर्यंत पोहोचू शकते. मेण खरेदी करताना केवळ रंग, वास व पॅराफिनची भेसळ पाहणे म्हणूनच अपुरे आहे.

ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल, कापूर

घाटमाथ्यावरील आमच्या परिचयाचे एक वयस्कर मधपाळ औषधालयात आले असता त्यांनी विचारले, “वैद्यराज, तुमची अमृतधारा पेटीत ठेवली तर कोळी जातील का हो?” प्रश्न भाबडा नव्हता. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, हे व्हरोआवरील मान्यताप्राप्त औषध आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या एका तयार औषधात थायमॉलच्या जोडीला निलगिरी तेल, मेंथॉल व कापूर असतो. आपली अमृतधारा कापूर, ओव्याचे फूल व पुदिन्याचे फूल यांची, म्हणजे घटकांचे साम्य विलक्षण आहे. माशीच्या श्वासनलिकेत राहणाऱ्या अकॅरॅपिस नावाच्या तिसऱ्या एका कोळ्यावर अमेरिकेत नुसत्या मेंथॉलची वाफ वापरली गेली.

तरीही आम्ही त्यांना “ठेवा” असे म्हटले नाही, आणि वैद्यबांधवांनीही म्हणू नये असे आम्हांस वाटते. कारणे तीन. पहिले, थायमॉलचा गुण त्याच्या बाष्पावर अवलंबून असतो आणि बाष्प तापमानावर. थंडीत ते पुरेसे होत नाही, उन्हाळ्यात एकाएकी वाढते, माश्या पिलावा टाकतात, आणि सातेरी तर मुळातच पेटी सोडून जाण्याच्या स्वभावाची. म्हणून तयार औषधांत ते सावकाश सुटेल अशी योजना असते, थेंब टाकण्याने ते साधत नाही. दुसरे, मधाच्या हंगामात वापरल्यास मधाला वास व चव लागते. तिसरे व मुख्य, सातेरीचा खरा वैरी कोळी नसून विषाणू आहे. थायमॉल विषाणूवरचे औषध नव्हे. द्रव्य वनस्पतिज आहे म्हणून मात्रा, काल व देश यांचा विचार सुटत नाही, हे आपणच जगाला सांगत असतो. हळद, कडुनिंब, लसूण यांच्या प्रयोगशाळेतील गुणांवरून वसाहत बरी करण्याची ग्वाही देणेही तितकेच अयोग्य.

मधपाळाच्या हाती काय आहे?

उपाय आहेत, पण ते बाटलीत नाहीत, व्यवस्थापनात आहेत.

कोळ्यासाठी प्रथम मोजणी. सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेऊन वरून पिठीसाखर टाकून हलविल्यास कोळी सुटून पांढऱ्या कागदावर पडतात, माश्या जिवंत राहून पेटीत परत जातात. शंभर माश्यांमागे दोन-तीनहून अधिक कोळी असल्यास उपाय करावयाचा, नसल्यास पेटीत काहीही घालावयाचे नाही. दुसरा उपाय नरांचा पिलावा कापून काढणे, कारण कोळी तेथेच अधिक जमतात. तिसरा, राणीला सुमारे तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलावा खंडित करणे. ट्रॉपिलीलॅप्सचा याने बीमोड होतो आणि व्हरोआ प्रौढ माश्यांवर उघडा पडतो. तेव्हा ऑक्झॅलिक आम्ल गुणकारी ठरते. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाआडही पोहोचते. ही दोन्ही आम्ले मधात निसर्गतःच अत्यल्प असतात व मेणात साठत नाहीत. मात्र ती हाताळणाऱ्याच्या डोळ्यांना, त्वचेला व श्वासाला इजा करणारी असल्याने जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली, मध काढून झाल्यावरच वापरावयाची असतात. उत्तर भारतात चौकटींवर गंधकाची भुकटी टाकण्याचीही रीत आहे.

सॅकब्रूडसाठी औषध नाही. रोगी पोळी काढून नष्ट करणे, पिलावा काही काळ खंडित करणे, राणी बदलणे, वसाहत सशक्त ठेवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साथीतून तरलेल्या वसाहतींपासूनच पुढील वसाहती वाढविणे, हाच मार्ग. दक्षिणेत सातेरी पुन्हा उभी राहिली ती या तगलेल्या वसाहतींच्या बळावर. तिला औषधाने वाचविले नाही, तिच्या बीजातील बलाने वाचविले.

औषधालयचालकांचे कर्तव्य

यांत आपला वाटा कोणता? आपण मोठे ग्राहक आहोत. मोठ्या ग्राहकाने स्वस्त व पुष्कळ मध एवढेच मागितले, तर पेट्या वाढतात, फिरतात, दाटीने ठेवल्या जातात आणि औषधांचा मारा होतो. त्याने दुसरे काही मागितले तर तेही पिकते. म्हणून आम्ही पुढील सूचना करीत आहोत.

१. खरेदीच्या वेळी माशीची जात, गाव आणि काढणीचा महिना विचारून नोंदवावा. शेड्यूल टी अन्वये कच्च्या द्रव्यांच्या नोंदी आपण ठेवतोच, त्यांत हे तीन रकाने वाढवावेत.

२. गेल्या हंगामात पेटीत कोणते औषध घातले व काढणीच्या किती आधी, हे लेखी घ्यावे. ‘काहीच नाही’ हे उत्तरही लेखीच असावे.

३. मोठ्या खरेदीपूर्वी प्रतिजैविकांच्या अंशासाठी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा. मेणासाठी कीटकनाशकांच्या अंशाची चाचणी सांगावी.

४. त्वचेवर लावण्याच्या योगांसाठी शक्यतो सातेरी वा आग्याच्या पोळ्याचे मेण घ्यावे. कोळीनाशक पट्ट्यांचा वापर मेलीफेराच्या पेट्यांत होतो, म्हणून हा भेद अर्थपूर्ण आहे. आग्याचे मेण पोळे जाळून वा सबंध तोडून आणलेले नसावे, एवढी अट घालावी.

५. सातेरीचा मध थोडा निघतो व महाग पडतो. अनुपानासाठी, बालरुग्णांसाठी तो निराळा ठेवून त्याची योग्य किंमत मोजावी. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून घोषित झाले. अशा गावांशी जिल्हा शाखांनी थेट संबंध जोडल्यास मधपाळालाही आधार मिळेल आणि आपल्यालाही उगम कळेल.

६. मधपाळाने माश्यांच्या आजारावर औषध विचारल्यास अंदाजाने योग सांगू नये. त्यास महाबळेश्वर येथील मध संचालनालय वा पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे पाठवावे.

द्रव्याचे गुण सांगताना आपले शास्त्र त्याची भूमी, त्याचा काल आणि त्याचे संग्रहण विचारते. वनस्पतींच्या बाबतीत आपण हे थोडेफार पाळतो. मधाची भूमी म्हणजे केवळ फुलांचे रान नव्हे, मोहोळही आहे. त्या भूमीत कोळी शिरला आहे, विषाणू शिरला आहे आणि त्यांच्या मागोमाग रसायनेही शिरली आहेत. पहिल्या दोहोंचा बंदोबस्त मधपाळाने करावयाचा, तिसऱ्याचा बंदोबस्त मात्र ग्राहकाच्या प्रश्नानेच होऊ शकतो. येत्या हंगामात मधाचा डबा दारात उतरेल तेव्हा भाव विचारण्यापूर्वी ‘कोणत्या माशीचा, आणि पेटीत काय घातले होते?’ एवढे दोन प्रश्न प्रत्येक औषधालयाने विचारावेत, इतकीच आमची विनंती आहे.